बिनओळखीचा समुद्र

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा बायकोने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. एक अनोळखी समुद्र.

साडी नाही, अंगठी नाही, समुद्र! आणि तोही अनोळखी. सुलभा (म्हणजे आमची ही) मुळात कमी मागते, पण मागते तेव्हा त्यात पोटकलमं असतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी आधी खुलासा मागितला.

“अनोळखी म्हणजे?”

“म्हणजे जिथे मला कोणी ‘वैनी’ म्हणणार नाही.”

आता यात माझ्या गावाची बदनामी आहे, पण खरं ते सांगायला हवं. आमचं गाव मालवणजवळ. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. गेली चोवीस वर्षं प्रत्येक मे महिन्यात आम्ही परळहून बॅगा भरून तिकडे जातो आणि त्याला ‘सुट्टी’ म्हणतो. मी पडवीत बसून आंबे खातो. सुलभा चुलीपुढे असते. दारावरून जाणारा प्रत्येक माणूस माझा भाऊ लागतो, चुलत, मावस, नाहीतर नुसता गाववाला, आणि प्रत्येक जण अंगणातूनच ओरडतो, “वैनी, च्या टाका!” चोवीस वर्षांत तिने समुद्र पाहिला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि तोसुद्धा वारा आला आणि माडाची झावळी बाजूला झाली तर.

“या डिसेंबरात पाच दिवस,” ती म्हणाली. “समुद्र, खुर्ची आणि मी. जेवण दुसऱ्याने करायचं. ओळखीचं कुत्रंसुद्धा नको.”

“आणि मी?”

“तुम्ही या हवं तर,” ती म्हणाली.

मी जबाबदारी आनंदाने उचलली. समुद्रातलं आपल्याला कळतं, असा माझा चोवीस तास समज असतो. (मला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी. ती पुढे येईल.) समुद्रकिनारा निवडणं म्हणजे बाजारात मासा निवडणं. नुसता चकचकीत फोटो बघून फसायचं नाही, कल्ले उघडून बघायचे! मी एक वही घेतली, किनाऱ्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे रकाने आखले. वाळू अंगाला चिकटते की झटकली की जाते? उतार हळूहळू आहे की एकदम? ओहोटीला पाणी किती लांब जातं? खेकडे चावरे आहेत का? दुपारी ताटात येणारा मासा सकाळचा की परवाचा?

आमची लेक प्राजक्ता म्हणाली, “बाबा, हे सगळं ऑनलाइन असतं. मी पाच मिनिटांत बुक करते.” माझे वडील ज्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत ही लॅपटॉप चालवते, त्यामुळे तिला सगळं पाच मिनिटांचंच वाटतं.

“माणसाशी बोलल्याशिवाय समुद्र कळत नाही,” मी म्हणालो. आणि तिथेच घोटाळ्याचा पाया घातला गेला.

कारण माझी एक सवय आहे. माझी एकट्याची नाही, आमच्या सगळ्या गिरणगावाची आहे, पण माझ्यात ती जरा मुरलेली आहे. कुणाशीही दोन वाक्यं बोललो की तिसरं वाक्य आपोआप येतं, “गाव कुठलं तुमचं?” टॅक्सीवाला, डॉक्टर, बँकेतली मुलगी, कोणी असो. के.ई.एम.च्या ऑपरेशन टेबलावर भूल चढता चढता मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाव विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायच्या आत झोपलो. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द तोच निघाला म्हणे, “मग कुठलं?” हे उत्तर कळेपर्यंत माझ्या जिवाला चैन नसतं. मला समोरच्याकडून काही नको असतं हो. नुसती उत्सुकता!

(या सवयीला पुरून उरलेला एकच माणूस, ऑफिसातला माझा मित्र फ्रान्सिस. पहिल्या दिवशी विचारलं, “गाव कुठलं?” म्हणाला, “गिरगाव.” म्हटलं, “ते नाही रे, मूळ गाव?” “गिरगाव.” “आजोबांचं?” “गिरगाव.” “पणजोबांचं?” “अरे बाबा, मुंबई झाली तेव्हापासून आम्ही तिथेच आहोत!” दोन वर्षं मला वाटत होतं, हा माणूस काहीतरी लपवतोय.)

तर पहिला फोन लावला अलिबागच्या बाजूच्या एका घरगुती रिसॉर्टला. बाई गोड बोलल्या. वाळू झटकली की जाते, उतार हळूहळू, खेकडे गरीब. सगळे रकाने भरले. आता मुकाट्याने फोन ठेवावा की नाही? पण बाईंच्या बोलण्यात एक ओळखीचा हेल होता. राहवलं नाही.

“गाव कुठलं हो तुमचं?”

“सासर इथलंच. माहेर मालवणकडे.”

“मालवणात खंय?”

पुढच्या चार मिनिटांत असं निष्पन्न झालं की बाई माझ्या आतेबहिणीची सख्खी नणंद. तिने माझ्या लग्नात अक्षताही टाकल्या होत्या. “अरे देवा, म्हणजे सुलभावैनी येतंत!” ती फोनवर किंचाळली. “मग रिसॉर्टात कित्याक? थेट माझ्या घरात रवा! आणि येताना लालबागचो मसालो घेऊन येवा. वैनीच्या हातची तिसऱ्या-शिंपल्यांची आमटी खाऊन किती वर्षां झाली!”

मी वहीत त्या किनाऱ्यावर काट मारली. सुलभा भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “काय झालं? उतार एकदम आहे?”

“हो,” मी म्हणालो. “एकदमच आहे.”

दुसरा फोन गोव्याला. दक्षिण गोवा, फोटोत माणूस नाही, नुसते माड. फोन उचलणारा तरुण मुलगा इंग्रजीत बोलला, तेव्हा मला हायसं वाटलं. मीही इंग्रजीत बोललो, साहेबासारखं. वाळू, उतार, ओहोटी. शेवटी त्याने बुकिंगसाठी माझं नाव विचारलं, म्हणून मी सभ्यता म्हणून त्याचं विचारलं. म्हणाला, “राणे, सर.” आता मला सांगा, माणसाने राणे म्हटल्यावर ‘कुठले राणे’ हे विचारणं हा काय गुन्हा आहे? तो माझ्या धाकट्या चुलतभावाच्या बिल्डिंगमधला निघाला! बोरिवलीचा! गोव्यात नोकरीला. संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला, “दादा, गोव्याला चाललास आणि सांगितलं नाहीस? आम्ही पण रजा टाकतोय. आईलाही आणतो. आईचं पथ्याचं जेवण काय, वैनी बघतीलच!”

या वेळी फोन स्पीकरवर होता. सुलभाने भाजीची परात खाली ठेवली, मोठ्याने ठेवली.

“तुम्ही समुद्र शोधताय की नातेवाईक?”

“अगं, मी फक्त—”

“तिसरा फोन करा. पण लांब करा. जिथे मराठी कळत नाही, तिथे करा.”

म्हणून केरळ. मी नकाशावर बोट ठेवून मुद्दाम खालचं टोक निवडलं. मॅनेजर मल्याळी, मी हिंदीत बोललो, त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती. फोन स्पीकरवर, सुलभा समोर पहारा देत बसलेली. रकाने भरले. जीभ वळवळली, मी धरून ठेवली. पण मॅनेजरच सज्जन निघाला, तो म्हणाला, “आपका हिंदी सुन के बम्बई याद आया साब.” आता त्यानेच विषय काढल्यावर?

“बम्बई में किधर थे आप?” (मी गाव विचारलंच नाही! कोणत्याही कोर्टात सांगेन.)

“परेल में. बारा साल. नारियल का दुकान था.”

सुलभाचे डोळे मोठे झाले. माझेही. “परेल में किधर?”

त्याने आमच्या चाळीचं नाव सांगितलं. आमच्या जिन्याखालचं दुकान! मी सावंत, दुसरा माळा, म्हटल्यावर तो माणूस जवळजवळ रडायला लागला. “सावंत भाभी! मेरेको टायफाइड हुआ था, तब भाभी महिनाभर पेज देती थी! आने दो साब, भाभी को आने दो. वो मछली का सार हमारे कुक को सिखाना ही पड़ेगा!”

सुलभाने माझ्या हातातून फोन काढून घेतला, त्या माणसाची प्रेमाने चौकशी केली, फोन ठेवला आणि मग माझ्याकडे वळली. ती चिडली असती तर परवडलं असतं. ती नुसती म्हणाली, “जाऊ दे. काही नको. मे महिन्यात जाऊच आपण तुमच्या गावाला.” आणि परत भाजी निवडायला बसली.

मला त्या क्षणी माझीच लाज वाटली. पंचवीस वर्षांत या बाईने एक गोष्ट मागितली, आणि ती मी माझ्या जिभेने तीन वेळा घालवली होती. वही घेऊन मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात फ्रान्सिससमोर बसलो आणि सगळी कर्मकहाणी सांगितली. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, “तुझा प्रॉब्लेम गाव आहे. मला गावच नाही. आण तो फोन!”

फ्रान्सिसने उभ्या उभ्या अंदमानच्या एका बेटावरचं हॉटेल बुक केलं. वाळू विचारली नाही, खेकडे विचारले नाहीत, समोरच्याचं नावसुद्धा विचारलं नाही. सहा मिनिटं! मी शेजारी बसून नुसता तळमळत होतो.

सुलभाने तिकिटं बघितली आणि अट घातली. “घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुणालाही गाव विचारायचं नाही. विचारलंत, तर पुढच्या प्रत्येक मेमध्ये तुम्ही एकटे जायचं, पावसाआधी छपराची कौलंही तुम्हीच चाळायची आणि चहासुद्धा तुम्हीच टाकायचा.”

“नाव तरी विचारू ना? माणुसकी म्हणून?”

“नाव विचारलंत की आडनाव विचाराल, आडनावावरून गावावर याल. मला तुमचा जिना पाठ आहे.”

त्या प्रवासात मी जे भोगलं ते शत्रूवर येऊ नये. विमानतळावर नेणाऱ्या टॅक्सीत आरशाला आमच्याकडच्या देवीचा फोटो लटकत होता! मी खिडकीबाहेर बघत शीव येईपर्यंत ओठ चावले. विमानात शेजारचे गृहस्थ डब्यातून घावणे काढून खात होते. घावणे! सुलभाचं कोपर माझ्या बरगडीत तयारच होतं. बेटावर नेणाऱ्या बोटीवर एका खलाशाने नेमका आमच्याकडे मारतात तसा गाठीचा फास मारला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बोट लागली.

पण समुद्र! फ्रान्सिसने न विचारता निवडलेला तो समुद्र असा निघाला की माझी वही मी बॅगेतून काढलीच नाही. हिरवंनिळं पाणी, पिठासारखी वाळू, आणि मैलभर कुणी ओळखीचं नाही. सुलभा सकाळी खुर्चीत जाऊन बसायची ती दुपारपर्यंत. पहिले तीन दिवस तिला एकाही माणसाने कशासाठीही हाक मारली नाही. मी तिच्या शेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे चेहरे बघत मनातल्या मनात गावं वाटत होतो. हा नक्की राजापूरचा. तो रत्नागिरीचा असणार, चालण्यावरून कळतं. (आपसात बोलायला लागले तेव्हा दोघेही बंगाली निघाले.)

चौथ्या दिवशी दुपारी जेवणात बांगड्याची आमटी आली.

मी पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला. आमटीत तिरफळ होतं! आता तिरफळ म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, इतरांनी एवढंच समजावं की ते माशाच्या आमटीत घालायची अक्कल कोकणाबाहेरच्या माणसाला सहसा होत नाही. आणि हे तिरफळ ठेचून, शेवटी, आच बंद करून घातलेलं होतं. म्हणजे आत स्वयंपाकघरात आमच्यातला माणूस होता, भिंतीपलीकडे, दहा पावलांवर! मी पाणी प्यायलो. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“बसा,” सुलभा म्हणाली.

“बसलोय.”

“उठायचं नाही.”

“नाही उठत.”

तिने स्वतः एक घास घेतला. मग दुसरा. आणि मग, मी शपथेवर सांगतो, माझी बायको उठली, सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेली, आणि तिच्या तोंडून मी ते शब्द ऐकले.

“दादा, तुमचो गाव खंयचो?”

आतून चाळिशीचा एक माणूस हात पुसत बाहेर आला. “देवगडाकडचो. तांबळवाडी. तुमका ठाऊक नसात, लहान गाव आसा.”

सुलभाने दाराची चौकट धरली. तांबळवाडी हे तिचं माहेर. आईवडील गेले, भाऊ बदलापूरला स्थायिक झाला, घराला कुलूप लागलं, त्याला आठ वर्षं झाली होती. त्यानंतर ती तिकडे गेलेली नव्हती. का, तर मे महिना आमच्याकडे खर्च व्हायचा.

“खाडीच्या कडेचं घर,” ती म्हणाली. “दारात बकुळ.”

तो माणूस एकदम ओरडला, “सुलूताय? खाडी पोवत जाणारी सुलूताय?”

मी ताटावरून उठून तिथे पोहोचलो होतो. (उठायला आता मनाई नव्हती, असा माझा समज.) “कोण पोहत जाणारी?”

“अहो, तरीची होडी चुकली की ही दप्तर डोक्यावर बांधून खाडी पोहून शाळेत जायची!” तो मला शहरी मराठीत समजावू लागला. “मी दुसरीत होतो. आम्ही पोरं काठावरून बघायचो. गावात अजून नाव काढतात. ताय, तुझ्या तुळशीकडे माझी आये रोज दिवो लावता हां. घर बंद आसा, पण तुळस काळोखात ठेवूची नाय म्हणता.”

सुलभा त्यानंतर रडली, मग हसली, मग दोघं मिळून तीन तास बोलत बसली. मी बाजूला. खाडीतल्या कुठल्या खडकावर बसायचे, कुणाच्या होडीला भोक पडलं, शाळेतल्या कुठल्या बाई छडी मारायच्या. त्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं!

संध्याकाळी ती पाण्यात शिरली आणि सरळ पोहत सुटली, मागे वळूनही न बघता. मी गुडघाभर पाण्यात तिचा चष्मा आणि ओढणी धरून उभा. माझ्या गुडघ्याच्या वर समुद्र आलेला मला चालत नाही.

ती परत आली तेव्हा मी म्हणालो, “हे सगळं तू मला कधी सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

“वा! पहिल्याच दिवशी विचारलं होतं! बघायला आलो तेव्हा. गाव कुठलं, म्हणून.”

“विचारलंत,” ती केस पिळत म्हणाली. “मी म्हटलं, तांबळवाडी. तुम्ही म्हणालात, ‘अरे, म्हणजे आमच्या मावशीच्या सासरच्या पलीकडे.’ आणि मग अर्धा तास मावशीबद्दल सांगितलंत.”

मी तिला चष्मा दिला.

पुढच्या मेमध्ये आम्ही तांबळवाडीला गेलो. कुलूप उघडलं, जाळी काढली, तीन आठवडे राहिलो. सुलभा रोज सकाळी खाडीत उतरते ती उन्हं चढेपर्यंत येत नाही. आणि गाव तर मोठं प्रेमळ! दारावरून जाणारा प्रत्येक माणूस तिचा भाऊ लागतो. घरात ती नसते, मी असतो. तो अंगणात बसतो, माझ्याकडे कुतूहलाने बघतो, “तुमचो गाव खंयचो?” म्हणून विचारतो, आणि मी उत्तरासाठी तोंड उघडायच्या आत तोच म्हणतो, “बरां, ता असां दे. भावोजी, च्या टाका!”

सध्या मी पुन्हा वही काढली आहे. एक समुद्र हवा आहे, जिथे मला कोणी भावोजी म्हणणार नाही. फोन मात्र फ्रान्सिस करणार आहे.